सात नंबरची मूठ

मंगळवार, ४
आले एकदाची! निघताना बाबांनी ही वही हातात कोंबली आणि रोज लिही, घरी आलीस की वाचून दाखव, असं बजावलं. त्यांना आता मोठी अक्षरंही धड दिसत नाहीत. तर बाबा, कान देऊन ऐका.

स्टेडियम एवढं अवाढव्य आहे की स्वच्छतागृह शोधताना मी एकाच पहारेकऱ्याला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मला पाहताच त्याने न विचारता बोट दाखवलं.

माझ्याकडे बारा रोबो आहेत. काठी टेकत येणारे, नजर अधू असलेले प्रेक्षक दारावर आले की रोबो पुढे होतो. प्रेक्षकाने त्याच्या पाठीवरची मूठ धरायची. मग रोबो त्यांच्या चालीने चालत, ‘पायरी आहे, हळू या’ असं सांगत त्यांना खुर्चीपर्यंत नेतो. बसल्यावर हिरवं बटण दाबलं की माझ्या पडद्यावर ‘पोहोचले’ उमटतं. निम्मे लोक बटण विसरतात आणि रोबो बिचारा तिथेच ताटकळतो. अशी नोंद मग आम्ही ऑफिसातून ‘पोहोचले’ करतो. तीन वाजता सामना सुरू व्हायच्या आत एकही नोंद उघडी राहता कामा नये. नियमाच्या पुस्तकात लिहिलंय, आधी जागेवर जाऊन डोळ्यांनी पाहा. आमच्या साहेबांनी ते पान हसत हसत उलटलं. साहेब सदा घाईत, चहासुद्धा उभ्यानेच पितात.

अंतिम सामना तेवीसला आहे. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना एक पास मिळतो. मी बाबांचं नाव दिलं आणि ‘मदत हवी’ या चौकोनात खूण केली. तरुणपणी त्यांनी झेल घेताना करंगळी वाकडी करून घेतली, पुढे जन्मभर रेडिओला कान लावला. आता मैदानात बसून ऐकतील. फार आनंद झालाय मला.

शनिवार, ८
पहिला सामना झाला. सात नंबरच्या रोबोचं नाव मी जावईबापू ठेवलंय. मान ताठ, चाल अशी की मागे अख्खी वरात आहे.

पावणेतीनला चाळीस नोंदी उघड्या होत्या. साहेबांनी मला शेजारी बसवलं आणि दहा मिनिटांत आम्ही सगळ्या मिटवल्या. एक जरा विचित्र होती. सात नंबर, जी स्टँड, ओळ नऊ. इथे जी स्टँड नाहीच, एफनंतर एकदम एच येतो. साहेब म्हणाले, जी पाडून वर्षं झाली, नकाशात राहून गेला असेल, दाब बटण. मी दाबलं.

बुधवार, १२
पुन्हा सात नंबर, पुन्हा जी स्टँड. या वेळी मी हातातला छोटा पडदा घेऊन स्वतः गेले. एफ स्टँडमागच्या बोळाच्या टोकाला नुसती रंगवलेली भिंत आहे. जावईबापू तिच्याकडे तोंड करून उभे होते. आजूबाजूला कोणीही नव्हतं. तरी पडद्यावर लिहिलेलं होतं, ‘मूठ: धरलेली’.

तीनला पाच मिनिटं कमी होती. वरून साहेब वायरलेसवर ओरडत होते. मी तिथेच उभं राहून ‘पोहोचले’ केलं. लगेच अक्षरं बदलली, ‘मूठ: सोडली’. जावईबापू वळले आणि माझ्या शेजारून निघून गेले. ते जाताना मी मुठीला हात लावला. ती गरम होती, आणि तळहाताच्या घामाने ओलसर.

शनिवार, १५
आज ती नोंद मी मिटवली नाही. साहेबांनी माझ्या खांद्यावरून हात घालून मिटवली.

नंतर सफाईच्या मावशींनी मला बाजूला घेतलं. त्या इथे वीस वर्षं झाडू मारतायत. त्या भिंतीशी त्यांना प्रत्येक सामन्यानंतर काहीतरी सापडतं. आठ तारखेला चष्मा, बुधवारी राखाडी टोपी, आज काठी. हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात तिन्ही पडून आहेत, मागायला कोणी आलेलं नाही. जी स्टँडबद्दल विचारलं तर आधी त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. मग म्हणाल्या, तिथल्या जिन्यात एकदा चेंगराचेंगरी झाली होती. सामना वेळेवर सुरू करायचा म्हणून कोणीतरी सगळे पोहोचले असं वर कळवलं आणि जिन्याचं दार लावून घेतलं. आत माणसं होती. कोणी जाऊन पाहिलंच नाही.

रविवार, १६
सुटी असून आले. बुधवारचं कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं. दोन नंबरच्या दारावर एक आजोबा येतात, एकटेच. डोक्यावर राखाडी टोपी. जावईबापूंची मूठ धरतात, काहीतरी बोलतात, हसतात. दोघं बोळात वळतात. बोळातल्या कॅमेऱ्यात फक्त जावईबापू दिसतात. चाल तीच, आजोबांची.

बटण मी दाबलं होतं. भिंतीसमोर उभी राहून, माझ्या या बोटाने. हात धुतले, पुन्हा धुतले.

साहेबांना दाखवलं. कॅमेरा जुना आहे म्हणाले. मी जावईबापूंना सामानाच्या खोलीत नेऊन कुलूप घातलं. बाबांना फोन करून येऊ नका म्हटलं तर ते रुसले. शर्ट इस्त्री करून खुंटीला लावलाय म्हणे. खरं कारण काय सांगणार, कप्पाळ? शेवटी एवढंच कबूल करून घेतलं की दोन नंबरच्या दारावर थांबा, कशालाही हात लावू नका, मी स्वतः न्यायला येते.

बुधवार, १९
सामना नीट पार पडला. अकरा रोबो, सगळ्या नोंदी बरोबर. जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी सामानाच्या खोलीवरून गेले. आतून आवाज येत होता. पायरी आहे, हळू या. पायरी आहे, हळू या.

शनिवार, २२
साहेबांना उद्या बाराही रोबो हवेत. मी नाही म्हटलं. त्यांनी दुसऱ्या किल्लीने दार उघडलं. ते गेल्यावर मी सात नंबरची बॅटरी काढून पिशवीत घातली.

पास बदलायला गेले होते. ‘मदत हवी’ पुसता येत नाही म्हणाले. खूण मीच केली होती —

रविवार, २३
१.५०. दारावर उभी आहे. बाबांची गाडी अडीचला.

२.१५. साहेबांनी चार नंबरच्या दारावर बोलावलं. पाच मिनिटं, फक्त पाच. परत आले तर पहारेकरी हसून म्हणाला, बाबा मघाशीच आले, हौसेने आधीची गाडी पकडली, गेलेसुद्धा आत. कोणाबरोबर — त्याला सात आकडा आठवला.

बॅटरी माझ्या पिशवीत आहे. आत्ता चाचपून पाहिली.

२.३०. भिंत. सात नंबर उभा. खाली बाबांची काठी. ‘मूठ: धरलेली.’
म्हणजे अजून आहेत. नोंद मिटेपर्यंत आहेत.

२.४०. वायरलेसवर साहेबांना हाक मारली, नुसती खरखर. वर पळत जावं तर इथे बाबांजवळ कोणी — नाही, सोडून जाणार नाही. मी मूठ धरली. मुठीवर आधीच एक हात आहे. दिसत नाही, पण आहे. करंगळी वाकडी.
बाबा, मी आलेय. सोडू नका.

२.४६. पडद्यावर ‘प्रेक्षक: दोन’.
भिंतीपलीकडून गर्दीचा आवाज. खूप माणसं. जिन्यावर.

२.५१. मावशी आल्या. मी ओरडले. त्यांना ऐकू गेलं नाही. माझ्या आरपार पाहत त्यांनी काठी उचलली, भिंतीशी झाडू लागल्या आणि —
वस्तू मागे राहतात. वही राहील. एवढं लिहून वही त्यांच्या पायाशी टाकते.

२.५७. मावशी, हे पान घेऊन वर पळा. साहेबांना सांगा, बटण दाबू नका. आधी खाली येऊन पाहा, डोळ्यांनी पाहा. आम्ही दोघं इथे आहोत, बाबांचा हात माझ्या हातात आहे, आम्ही पोहोचलो नाही, सांगा त्यांना, आम्ही अजून पोहो