दुसऱ्यांदा दाबलेलं बटण

तीर्थस्वरूप आत्यास,

धाकट्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? माझी तब्येत उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणतात. माझा त्यांच्यावर विश्वास नाही.

निवृत्त होताना तू पाणीवाटपाच्या वेळापत्रकाचा तुझा तो युनिक्सवरचा म्हातारा प्रोग्राम माझ्या गळ्यात मारून गेलीस. तो हल्ली मधेच दगावतो. चालू काम थांबवायला कंट्रोल आणि सी दाबलं, की त्याने हातातली नोंद नीट मिटवून, 'थांबतो, धीर धरा' असं सांगून थांबायला हवं. (हे वाक्य तुझंच. 'धीर धरा' वाचलं की मला धडधडतं.) त्याऐवजी तो जागीच गतप्राण होतो, वेळापत्रक अर्धवट राहतं, आणि परत उघडायला जावं तर 'आत कुणीतरी आहे' म्हणून दार लावून बसतो. मंगळवारी अर्ध्या गावाचं पाणी त्या दारामागे अडकलं. आता साहेबांना तो सोमवारी चालवून दाखवायचाय. मेला तर तो भंगारात आणि मी तक्रारीच्या खिडकीवर. आत्या, त्या खिडकीला जाळीसुद्धा नाही गं!

मी कीबोर्ड बदलला, वायर बदलली, शेवटी खुर्चीही बदलली. विचित्र म्हणजे साहेबांनी बटण दाबलं की तो शहाण्यासारखा थांबतो. मरतो तो फक्त माझ्या हातून. मग पलीकडच्या टेबलावरच्या इंजिनीअर बाई माझ्या बोटांकडे बघत बसल्या आणि त्यांना हसू आवरेना. मी दोनदा दाबतो. (कुलूपही मी दोनदा ओढून बघतो, तुला ठाऊकच आहे.) या जुन्या युनिक्समध्ये बटणाचा इशारा एकदा झेलला की झेलणाऱ्याची सुट्टी होते, त्याला परत उभं राहायला सांगावं लागतं, नाहीतर दुसरा इशारा थेट प्रोग्रामचा जीव घेतो. ते सांगणारी ओळ तू घातलीच नाहीस, कारण तू जन्मात कुठलं बटण दोनदा दाबलं नसशील. ती ओळ मी घातली. आता काळजी नाही.

तुझा,
भाचा

ता. क. काळजी आहे. आता प्रत्येक वेळी दाबलं की तो मिटवामिटव पहिल्यापासून सुरू करतो, आणि तो थांबेना म्हणून मी दाबत राहतो. काल अख्खा पडदा 'धीर धरा'ने भरला. इंजिनीअर बाईंनी इलाज सांगितला, दुसऱ्यांदा दाबू नका. सांगायला काय जातंय!

ता. क. २. पत्राचं खरं कारण हे, की सोमवारी ऑफिसात ये. प्रोग्रामकडे बघू नकोस, तो धडधाकट आहे. मी एकदा बटण दाबलं की माझा हात धर, आणि प्रोग्राम थांबेपर्यंत सोडू नकोस.