दहा मिनिटं पुढे

५ जून, सोमवार
नवं मनगटी घड्याळ आलं. रोज पहाटे रेडिओ सिग्नल पकडतं आणि स्वतःच स्वतःला लावून घेतं. आता मला उशीर होणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य.
महिनाअखेरीस प्रोबेशन संपतं. कायम करायचं की नाही ते साहेब ठरवणार. काम चोख आहे म्हणाले, पण लेट मार्क बघून धाप लागते. आमची लॅब लोकांची मापं तपासून देते. तिथल्याच बाईला वेळेचं माप नसावं, हे शोभत नाही म्हणाले.
दोष माझा नाही. घरातल्या घड्याळांचा आहे.

६ जून
हॉलमधलं घड्याळ दहा मिनिटं पुढे. आईने मुद्दाम केलंय, मी शाळेत होते तेव्हापासून. आम्ही सगळे ते बघतो, मनातल्या मनात दहा वजा करतो आणि निवांत चहा पितो. आधी चूक घालायची, मग तीच काढायची. मला हे बघवत नाही.
आई म्हणाली, अगं, त्या दहा मिनिटांवर हे घर चाललंय, हात लावू नकोस.
रविवारी हात लावायचा.

११ जून, रविवार
आई मावशीकडे गेली होती. हॉल, स्वयंपाकघर, बाबांचा गजर, सगळं मनगटावरच्या वेळेला लावलं. बाबांनी पेपर खाली न करता विचारलं, आईला सांगितलंयस ना? योग्य वेळी सांगेन म्हटलं.

१२ जून
बाबांची कंपनीची बस चुकली. नोकरीत पहिल्यांदाच. घड्याळ बघून त्यांनी सवयीने दहा वजा केले. त्यांना स्कूटरवरून सोडावं लागलं, त्यात मला लेट मार्क. त्याआधी मी दुसरा चहा घेतला होता, पण त्याचा इथे संबंध नाही.

१५ जून
आई माझ्याशी बोलत नाही. शेजारच्या काकूंशी बोलते, मला ऐकू येईल अशा बेताने. आमच्याकडे आता वेळ आकाशातून येते हो, माणसं तेवढी वेळेवर जात नाहीत.
घड्याळाखाली सूचना चिकटवली: वेळ खरी आहे. वजाबाकी करू नये.
बाबांनी ती वाचली आणि बस पुन्हा चुकवली. म्हणाले, वाचण्यात वेळ गेला.

२० जून
थकले. दोन माणसांची सवय मोडता मोडता जीव मेटाकुटीला आलाय. मला स्वतःला काहीच अडचण नाही. आज लेट मार्क.
कायम करण्याची मुलाखत २८ला. साहेब म्हणाले, साडेनऊ म्हणजे साडेनऊ हं. मी नुसतं घड्याळ दाखवलं.

२७ जून
फाईल तयार. कपड्यांना इस्त्री झाली. उद्या नऊला निघायचं. आई पंधरा दिवसांत पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलली. उद्यापुरतं तरी पुढे करू का गं ते घड्याळ?
गरज नाही म्हटलं.

२८ जून
नऊला मनगटाकडे बघितलं. अचूक नऊ. चहा गरम होता. अजून दहा मिनिटं आहेत असं वाटलं. का वाटलं, ते तपासावं लागेल.
उशिरा निघालं की रेल्वेचं फाटक बंद मिळतं. मिळालं. पोचले तेव्हा पुढच्या उमेदवाराला आत घेतलं होतं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. त्यांच्या नाही, माझ्या. प्रोबेशन सहा महिने वाढवलं.
घरी सांगितलं. आईने स्टूल ओढलं, हॉलमधलं घड्याळ उतरवलं आणि काटा फिरवला. बाबांनी स्टूल धरलं होतं. माझी सूचनाही काढली.

३० जून
काल माझंही घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. आज सकाळी बघते तर पुन्हा बरोबर. सिग्नल घेतला आणि माझी सुधारणा पुसून टाकली.

३ जुलै, सोमवार
उपाय सापडला. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिग्नल पोचत नाही. आईकडे रिकामा डबा मागितला. कशाला, असं तिने विचारलंसुद्धा नाही. चहापत्तीचा दिला. घड्याळ पुढे करून रात्रभर त्यात ठेवलं. सकाळी काढलं, दहा मिनिटं पुढेच. प्रयोग यशस्वी. आता उशीर होणं अशक्य.
घड्याळाला चहाचा वास येतोय.
आत्ता त्यात नऊ वाजलेत. म्हणजे खरे आठ पन्नास. अजून एक कप होतो.