श्यामलाच्या खोलीतला दिवा

मी, उपेंद्र दामोदर गायधनी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय नट (निवृत्त असे मी लिहू दिले नाही, नटाला कुणी निवृत्त करत नाही, फक्त बोलावणे यायचे थांबते), राहणार पंचवटी, नाशिक, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. मला कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून वळवलेले नाही, आणि मी औषधाच्या गुंगीतही नाही. बिघडला आहे तो गळा. माझे वडील रामकुंडावर यात्रेकरूंना संकल्प सांगायचे, तेव्हा आधी देश, काळ, नाव, गोत्र आणि मग मागणे. मीही त्याच क्रमाने जाणार आहे. मागणे शेवटी येईल.

येत्या शुक्रवारी माझे स्वरयंत्र काढणार आहेत. जीव बहुधा वाचेल, आवाज वाचणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. माझी पत्नी श्यामला हिची दृष्टी काचबिंदूने गेली आणि आठवणही बरीचशी गेली आहे. मी कोण हे तिला फक्त आवाजावरून कळते. म्हणून हे मृत्युपत्र मी मरणाच्या आधी नव्हे, शुक्रवारच्या आधी करतो आहे. ॲडव्होकेट योगिनीताई क्षेमकल्याणी म्हणाल्या, “काका, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. ऑपरेशननंतर तुम्ही असालच की.” मी म्हणालो, श्यामलापुरता मी शुक्रवारीच जातो. त्यांनी चष्मा पुसला आणि लिहून घ्यायला सुरुवात केली.

कलम १. पंचवटीतील राहती सदनिका माझ्या स्वकष्टार्जित पैशातून घेतलेली आहे. तीत श्यामला तिच्या हयातीपर्यंत राहील. तिला कुठल्याही आश्रमात किंवा नातेवाइकांकडे ‘थोडे दिवस बदल म्हणून’ हलवू नये. घरातले फर्निचर जागचे हलवू नये. ती हाताने चाचपत चालते आणि टेबलाचा कोपरा जिथे असायला हवा तिथे नसला की घाबरते.

कलम २. बँकेतील ठेवी श्यामलाच्या औषधपाण्यासाठी आणि तिची देखभाल करणाऱ्या भिमाबाईंच्या पगारासाठी वापराव्यात. श्यामलानंतर जे उरेल ते भिमाबाईंचे. शिलाई मशीनही त्यांचेच. लंडनच्या थिएटरात श्यामला रंगपटात कपडे शिवायची, ते मशीन तिने बोटीने इथे आणले, आणि नवरा मात्र विमानाने आणला. भिमाबाई, सुईजवळचा दिवा लागत नाही, तो दुरुस्त करून घ्या.

कलम ३. वडिलांचे तांब्याचे पळी-पंचपात्र त्यांची भिक्षुकी पुढे चालवणारा माझा धाकटा भाऊ शेखर याला द्यावे. त्याच्यावरचा राग देत नाही, तो मी बरोबर नेणार होतो. वडिलांच्या तेराव्याला सगळ्या जमलेल्यांसमोर त्याने विचारले होते, “दादा, दुसऱ्याच्या जागी नुसतं उभं राहायला एवढ्या लांब कशाला जायचं?” मला तेव्हा उत्तर सुचले नाही, आणि उत्तर न सुचणे नटाला फार लागते. आता सुचले आहे. शेखर, तू तरी दुसरे काय करतोस? यजमान नुसता ‘मम’ म्हणतो, बाकी सगळे त्याच्या वतीने तूच बोलतोस. आपले घराणेच दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्यांचे आहे. हे लिहिता लिहिता राग बराच गेला, तेव्हा पंचपात्राबरोबर पळीही घासून द्यावी.

कलम ४. इंग्रज नट ॲम्ब्रोज टिली याचा रंगभूषेचा आरसा मयुरेश पगार याला द्यावा (मयुरेश कोण ते कलम ५ मध्ये येईल). हा आरसा काय आहे हे लिहिले नाही तर तो भंगारात जाईल, म्हणून लिहितो.

रामकुंडावर घंटा, भोंगे आणि गर्दी यांच्यावरून ऐकू जाईल असे बोलायची मला लहानपणापासून सवय. त्या आवाजाच्या जोरावर मी लंडनला नाट्यशाळेत शिरलो. पुढे उत्तरेकडच्या पावसाळी गावांतल्या नाटक मंडळ्यांत उमेदवारी केली. तिथे संध्याकाळी एका नाटकाचा प्रयोग आणि सकाळी पुढच्याची तालीम, आणि रात्री घरमालकिणीच्या थंड खोलीत उद्याची वाक्ये. श्यामला हातात संहिता धरून बाकीच्या सगळ्यांची वाक्ये म्हणायची, कधी राणीची, कधी कोतवालाची, आणि माझी पाठ करून घ्यायची. टीव्हीवर मी डॉक्टर झालो, बसचा वाहक झालो, आणि किराणा दुकानदार तर इतक्यांदा झालो की विचारू नका. पोलिसी मालिकांत गल्ल्यावर मारला जाणारा दुकानदार मीच. “तुमच्या दुकानात माल कमी आणि खून जास्त,” असे श्यामला म्हणायची. एका दिग्दर्शिकेने मला ‘अजून जरा भारतीय बोला’ असे सांगितले. तिला हवे होते तसल्या उच्चारांत भारतात कुणीही बोलत नाही. त्या बाईंना मी काहीही ठेवत नाही, माफीसुद्धा नाही.

ॲम्ब्रोज टिली हे त्या नटाचे जन्माचे नाव नव्हते. तिथल्या नटांच्या संघटनेत एका नावाचे दोन नट चालत नाहीत, आणि त्याच्या नावाचा एक जण आधीच होता. म्हणून या खाणकामगाराच्या मुलाने आजीचे माहेरचे आडनाव घेतले आणि रेडिओ ऐकून ऐकून साहेबी बोलणे घोटले. ते इतके जमले की सिनेमात पुढे सगळे उमराव तोच होऊ लागला. तरीही नाटक त्याने सोडले नाही. दीपगृहाच्या म्हाताऱ्या रखवालदाराचे एक नाटक त्याने वर्षानुवर्षे केले. रखवालदार कुठल्या मुलखातला, हे त्या नाटकात कुठेच सांगितलेले नव्हते, आणि त्यामुळे ॲम्ब्रोजचा बदली नट म्हणून मला घेतले.

बदली नट म्हणजे मुख्य नट आजारी पडला तर त्याच्या जागी उभा राहणारा. त्याने रोज थिएटरात हजर राहायचे, पण स्वतःचा अभिनय करायचा नाही. मूळ नट जिथे थांबतो तिथेच थांबायचे, तो श्वास घेतो तिथेच श्वास घ्यायचा, नाहीतर समोरचे नट गडबडतात. हे मी जीव ओतून शिकलो. आणि ॲम्ब्रोज एकदाही आजारी पडला नाही. तापात आला, मनगट मोडले तेव्हाही आला. त्याला निदान सर्दी तरी होऊ दे, असा नवस श्यामलाने लंडनमधून काळारामाला बोलला होता. तो फेडायची वेळ आली नाही.

म्हातारपणी त्याची वाचा गेली. नटांसाठीच्या एका वृद्धनिवासात तो होता, मी भेटायला जायचो. एकदा त्याने खुणेने मला रखवालदाराची भूमिका म्हणायला लावली. मी त्याच्या पलंगाशेजारी उभे राहून सगळी म्हटली. दोन ठिकाणी त्याने बोट वर करून माझा विराम सुधारला. शेवटच्या वाक्यापाशी आलो तेव्हा त्याने तळहात पुढे केला आणि मला थांबवले. तिकडच्या जुन्या नटांत नाटकाचे शेवटचे वाक्य तालमीत उच्चारणे अशुभ मानतात. ते प्रेक्षकांसमोरच बोलायचे. ॲम्ब्रोजच्या दृष्टीने ती माझी तालीम होती. निघताना त्याने आरसा माझ्या हातात दिला.

कलम ५. माझा आवाज मी मयुरेश पगार याला देतो.

मयुरेश अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर काम करतो, मूळचा सटाण्याकडचा. कामगारांच्या नाट्यस्पर्धेला मी परीक्षक होतो, तेव्हा बक्षीस समारंभात त्याने माझ्याच भाषणाची नक्कल केली आणि सभागृह हसून लोळले. मी हसलो नाही. माझ्या अंगावर काटा आला होता. दुखण्याचे नाव कळले तेव्हा पहिला फोन मी त्याला केला.

याआधी मी इतर सगळे करून पाहिले, हे नोंदवावे. फोनवर माझा आवाज साठवून श्यामलाला ऐकवला. तिने मधेच काही विचारले, फोन आपला पुढेच बोलत राहिला, आणि “माझं ऐकतच नाहीत” म्हणून ती रडली. गळ्याला लावून बोलायचे यंत्रही दवाखान्यात ऐकले. तो आवाज ऐकून मीच दचकलो, तिचे काय होईल? तिला उत्तर देणारा, तिच्यासाठी थांबणारा जिवंत माणूस हवा आहे.

मयुरेशने पहिल्याच दिवशी सांगितले, “काका, काकूंना फसवायचं हे काम मला नाय जमणार. हे पाप हे.” मी त्याला म्हणालो, नाटकात फसवणूक नसते, बघणाऱ्याशी करार असतो. त्याला ते पटले नाही. मलाही माहीत होते की श्यामलाने असला करार केलेला नाही. पण आवाज ऐकू आला नाही की ती खोलीभर हात फिरवत मला हाका मारते, भिंतीवर आपटते, आणि भिमाबाईंना ओळखत नाही म्हणून त्यांना ओरबाडते. तपासणीसाठी मला दवाखान्यात राहावे लागले तेव्हा हेच झाले. मयुरेशला मी तिच्या हातांवरचे काळे-निळे डाग दाखवले. दुसऱ्या दिवसापासून त्याने पहिली पाळी मागून घेतली आणि संध्याकाळी यायला लागला.

मी त्याला बदली नटासारखेच तयार केले. चावी खुंटीला अडकवण्याचा आवाज, खोकला, ‘श्यामला’ म्हणताना ‘मला’वर किंचित रेंगाळणे. गेल्या रविवारी पहिल्यांदा त्याला तिच्यासमोर उभे केले. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत श्वास रोखून बसलो होतो. त्याने चावी अडकवली, खोकला, म्हणाला, “श्यामला, चहा झाला का गं?” आणि तिचा चेहरा उजळला. किती उशीर केलात, म्हणाली. बोलणे सुरू झाले. पाऊस, गोदेचे पाणी, तिची आई कशी आहे. तो तिच्यासाठी थांबत होता, ऐकत होता. मला इतका आनंद झाला की मी सगळे विसरलो. एका ठिकाणी त्याचा विराम चुकला, आणि जन्मभराच्या सवयीने मी कोपऱ्यातून बोललो, “तिथे श्वास घ्यायचा नाही.”

श्यामला दचकली. मयुरेशच्या बाजूला तोंड करून तिने विचारले, “कोण आलंय हो?”

मयुरेश माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, “श्यामला, अगं मी आहे.” माझा आवाज आता कसा येतो ते योगिनीताईंना माहीत आहे, लाकडावर कानस फिरवल्यासारखा. तिने पदर सावरला. “पाहुण्यांना चहा द्यायला सांगा,” ती मयुरेशला म्हणाली. “घसा बसलाय बिचाऱ्यांचा.”

भिमाबाईंनी चहा आणला. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपात आणला, कारण श्यामला हात लावून बघते. मी तो पाहुण्यासारखा बसून प्यालो. मयुरेश जिन्यात जाऊन रडला, मला रडताही आले नाही.

तेव्हा माझा आवाज शुक्रवारी जाणार आहे हे डॉक्टरांचे म्हणणे चुकीचे आहे. तो रविवारी संध्याकाळीच गेला. श्यामला हयात असेपर्यंत मयुरेशने रोज संध्याकाळी यावे, आणि तिच्या पश्चात ही सदनिका त्याची व्हावी. घर मिळते म्हणून तो आलेला नाही, हे मी शपथेवर सांगतो. ही अट त्याला नको होती, ती मी घातली आहे.

कलम ६. आता मागणे.

एक वाक्य मी मयुरेशला शिकवलेले नाही. रखवालदाराच्या नाटकाचे शेवटचे वाक्य. तालमीत ते कधी बोललो नाही, आणि प्रयोग मला मिळाला नाही. मग ते मी घरी आणले. मराठीत केले आणि रोज दिवा मालवताना श्यामलाला म्हणू लागलो, आधी गमतीने, मग सवयीने. आता दिवा लागला काय आणि विझला काय, तिला सारखेच. पण पलंगावर पडली की ती विचारते, “दिवा?” आणि ते वाक्य आणि बटणाचा टक् आवाज ऐकल्याशिवाय तिला झोप येत नाही. रविवारीसुद्धा, मला चहा पाजून पाहुणा केल्यावर, तिने “दिवा?” विचारले. मी या फाटक्या गळ्याने ते वाक्य म्हटले. तिने अंधारात हात पुढे केला आणि माझा हात धरून झोपली. एवढ्या एका वाक्यापुरता मी अजून तिचा नवरा आहे.

मयुरेशने काल विचारले, “काका, रात्रीचं शेवटचं वाक्य राहिलं ना?” मी त्याला तालमीचा तो नियम सांगितला. नियम खरा आहे. पण मी तो त्याच्यासाठी सांगितला नाही, स्वतःसाठी सांगितला. ते वाक्य मला कुणालाच द्यायचे नव्हते. देवा, अजूनही द्यायचे नाही. पण शुक्रवारी ती “दिवा?” विचारील, आणि कुणीच काही बोलणार नाही, आणि ती उठून मला शोधायला लागेल. हे मला सहन होणार नाही.

म्हणून मयुरेश, शुक्रवारपासून रात्रीपर्यंत थांबत जा. तालीम करू नकोस, एकदाही नको. तिने विचारले की थेट म्हण. विराम ‘बघतो’नंतर. वाक्य असे आहे:

“दिवा मी बघतो, तू झोप.”

शुक्रवारी मी दवाखान्यात असेन, तेव्हा बटणही तूच दाब. मी घरी परत आलो की भिंतीपाशी उभा राहीन. वाक्य तुझे. बटण मी दाबीन. ते मी कुणालाही लिहून देत नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. योगिनी क्षेमकल्याणी यांनी करावी. यापूर्वी मी असा कुठलाही दस्त केलेला नाही. वरील सर्व मजकूर मी स्वतः सांगितला, आवाज पोहोचला नाही तिथे लिहून दाखवला, वाचून पाहिला आणि खाली सही केली.

(सही) उपेंद्र दामोदर गायधनी

आम्हा दोघांसमोर, आम्ही दोघे एकत्र हजर असताना, त्यांनी सही केली आणि त्यानंतर आम्ही केली. आम्हा दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

साक्षीदार १. (सही) डॉ. यशश्री देवधर, पंचवटी. लिहिणाऱ्याची मनःस्थिती तपासली, ते पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार २. (सही) फकिरा सोनवणे, इमारतीचे रखवालदार.

ठिकाण : नाशिक
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार