तिकिटावरचं आडनाव

ता. ९ नोव्हेंबर

सौ. विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

तुम्ही पाठवलेलं विमानाचं तिकीट काल पोचलं. जावईबापूंनी मोबाइलवरही पाठवलं होतं, पण तुम्ही कागदावर छापून, पाकिटात घालून पाठवलंत, बरं केलंत. कागद हातात असला की मला धीर येतो.

खरं सांगायचं तर मी रेल्वेने यायचं ठरवलं होतं. दोन दिवस लागले असते, पण आपल्या आपण आले असते. तुम्ही न विचारता तिकीट काढलंत. प्रेमाने काढलंत, त्यामुळे मी काय बोलणार? ठकी फोनवर सारखी म्हणत होती, "बघ, आईंनी किती विचार केला तुझा!" केलात खरा.

आता मुद्द्याचं. फोटोचं कोणतं ओळखपत्र आणणार, असं तुम्ही विचारलंत. तीस वर्षं मी हेच काम करते आहे. पांढऱ्या पडद्यापुढच्या स्टुलावर माणसाला बसवायचं, हनुवटी खाली घ्यायला सांगायची, कान दिसतात का बघायचं. अर्ध्या गावाच्या खिशात मी काढलेले फोटो आहेत. विमानाने निघालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बजावते, "तिकिटावर जे नाव आहे, त्याच नावाचं कार्ड न्या." आणि माझ्याच कार्डांचा मात्र हा गोंधळ!

मतदार ओळखपत्रावरचा फोटो माझा आहे की ह्यांच्या आत्याचा, हे देवालाही सांगता येणार नाही. स्कूटरच्या लायसन्सवर फोटो चांगला आहे, बाविसाव्या वर्षीचा, पण त्यावर माहेरचं आडनाव. दर वेळी तसंच नूतनीकरण करत राहिले, कुणी हटकलं नाही. आधार कार्डावरही तेच आडनाव. तुम्ही तिकिटावर सासरचं आडनाव घातलंत. साहजिकच आहे, सगळे त्याच नावाने ओळखतात. तिसरा एक पासपोर्ट आहे, तो मात्र सासरच्या आडनावाचा. ह्यांनी हौसेने काढायला लावला होता, दोघं मिळून कुठेतरी जाऊ म्हणून. त्याचा फोटो ह्यांनीच काढला. "हसू नकोस, हसलेलं चालत नाही," असं म्हणून म्हणून मला चार वेळा हसवलं. पुढे ह्यांचंच तिकीट कटलं, पासपोर्ट कोराच राहिला. कपाटात कुठेतरी असेल, बघते.

ठकीला सांभाळा म्हणण्याची सोयच नाही. बाळंतपणाच्या वॉर्डात सदतीस वर्षं काढलेली सासू घरात असताना मी काय सांगणार? तुम्ही हजारो बाळं हातावर झेलली असतील. मी एकच घेतलं, तेही नर्सने माझ्या हातात दिलेलं.

तुम्ही तिला 'राणी' म्हणता असं कळलं. इथे सगळे ठकीच म्हणतात. तिला तेच आवडतं, निदान आवडायचं.

अठरा तारखेला भेटूच.

आपली,
विहीण


ता. २१ नोव्हेंबर

विहीणबाई, नमस्कार.

फोनवर नीट बोलता आलं नाही. ठकी रडत होती, बाळ रडत होतं आणि जावईबापू मला पुढच्या तिकिटाची वेळ सांगत होते.

मी त्या दिवशी वेळेच्या तीन तास आधी विमानतळावर पोचले होते. पासपोर्ट सापडला नाही म्हणून लायसन्स घेऊन गेले. दारावरच्या माणसाने आडनाव जुळत नाही म्हणून परत पाठवलं. नियम म्हणजे नियम. त्याला तरी काय दोष देणार!

दुसऱ्याच दिवशी पहाटे असं काही होईल, हे कुणाला माहीत होतं? अजून आठवडा होता. ऑपरेशन झालं, फार रक्त गेलं, तुम्ही तीस तास खुर्चीवरून हलला नाहीत, हे सगळं जावईबापूंनी सांगितलं. तुमचे उपकार कसे फेडू? नात तीन किलोला थोडी कमी आहे असंही कळलं. नाक कुणासारखं आहे हे मात्र कुणी सांगितलं नाही.

ठकीने तुम्हाला बोल लावला असं ऐकलं. "तुम्ही आधी नाव विचारलं असतं तर माझी आई माझ्याजवळ असती," असं म्हणाली म्हणे. ओली बाळंतीण आहे, मनावर घेऊ नका. तुम्ही मला फोनवर म्हणालात, "चूक माझीच, विचारायला हवं होतं." असू दे. चूक कुणाच्याही हातून होते.

जावईबापूंनी नवं तिकीट लायसन्सवरच्या नावाने काढलंय. परवा येते.

आपली,
विहीण


ता. ८ डिसेंबर

विहीणबाई,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच लिहिते. सकाळी स्टुडिओ उघडला, दोन कॉलेजच्या मुलींचे फोटो काढले आणि शटर अर्ध्यावर ओढून बसले आहे. तुमच्याकडून परत येऊन चार दिवस झाले. चार दिवस घास गोड लागलेला नाही.

पासपोर्ट कपाटात पहिल्याच झटक्यात सापडला होता. अठरा तारखेला तो माझ्या पर्समध्ये होता, आतल्या चेनच्या कप्प्यात.

मी तोच दाखवणार होते. लायसन्स सवयीने बरोबर होतं, रोजच्या पाकिटात. विमानतळाच्या दाराशी रांग लागली होती. माझ्यापुढे सात-आठ माणसं. वाटलं, आत जायच्या आधी ठकीला तोंड दाखवावं, म्हणून व्हिडिओ कॉल लावला. तिने फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता. ती कुशीवर पडलेली होती. मी म्हटलं, "निघाले गं!" ती म्हणाली, "ये लवकर." आणि मग कळवळून म्हणाली, "आई, पाठ चोळ ना जरा, खालच्या बाजूला."

मी वेड्यासारखं म्हणून गेले, "अगं, मी इथून कशी चोळू? पोचते संध्याकाळपर्यंत."

ती हसली. म्हणाली, "तुला नाही गं! आईला म्हणतेय."

आणि फोनच्या चौकटीत तुमचा हात आला. फक्त हात. मनगटावर घड्याळ होतं. तो हात नेमक्या जागी गेला. ठकीने डोळे मिटले.

विहीणबाई, लग्न झाल्यावर ती तुम्हाला 'अहो आई' म्हणायची. ते 'अहो' मला किती बरं वाटायचं, काय सांगू! त्या 'अहो'ची भिंत होती आमच्या दोघींभोवती. माझ्याजवळ बोलताना तुमचा उल्लेख 'आईंनी', 'आईंना' असा व्हायचा. तो मान ऐकला की मला वाटायचं, मान तुम्हाला, लेक मला. त्या दिवशी रांगेत कळलं की 'अहो' कधीच गळून पडलंय आणि मला कुणी सांगितलंही नाही.

तेवढ्यात माझा नंबर आला. मी पर्स उघडली. बोटं आतल्या कप्प्यावर होती, पासपोर्टची कड लागत होती. आणि मी पाकिटातलं लायसन्स काढून त्या माणसापुढे धरलं.

तो म्हणाला, "बाई, आडनाव वेगळं आहे."

"लग्नाआधीचं आहे."

"मग दुसरं काही दाखवा. पासपोर्ट, मतदार कार्ड, फोटो आणि हे नाव असलेलं काहीही चालेल."

मी पर्समध्ये हात घालून उभी राहिले.

मागचे लोक कुरकुर करायला लागले. त्या भल्या माणसाने त्यांना हाताने थांबवलं आणि मला म्हणाला, "सावकाश बघा पर्समध्ये. घाई नाही."

"नाही," मी म्हणाले. "दुसरं काही नाही."

एवढ्या शांतपणे मी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. बाहेर बाकावर जाऊन बसले तेव्हा मला वाईटसुद्धा वाटलं नाही. वाटलं, आता कळेल. आता चोळून घे पाठ. एक दिवस तरी तिने माझ्यासाठी डोळ्यांत पाणी आणावं, 'माझी आई हवी' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. चार दिवसांनी जायचंच होतं. त्यात कुणाचं काय बिघडणार होतं?

बिघडायचं ते पहाटे बिघडलं. माझी पोर मरणाच्या दारात होती आणि मी इथे कपाटापुढे उभी राहून, न हरवलेला पासपोर्ट शोधल्याचं नाटक शेजारणीपुढे करत होते. ती 'आई' 'आई' म्हणून ओरडत होती, असं जावईबापू म्हणाले. कुठल्या आईला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग मी तुमच्याकडे आले. तुमचं घर, तुमची टापटीप, औषधांच्या वेळा लिहून दाराला लावलेला कागद. बाळाला तुम्ही असं उचलता की ते रडायचं विसरतं. माझ्या हातात दिलं की त्याला आठवतं. मी बारीक डोळ्यांनी सगळं बघत होते. आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी कानावर आली. ठकी तुम्हाला म्हणाली, "अहो आई, ते दुपटं द्या."

'अहो' परत आलं होतं. 'दे'चं 'द्या' झालं होतं. थंडगार. तुम्ही दुपटं दिलंत आणि स्वयंपाकघरात निघून गेलात. मला कळत होतं की माझ्या खोट्यामुळे हे झालंय. आणि मी मनातल्या मनात खूश झाले. हो, खूश झाले. लिहिते आहे, कारण आता अर्धं सांगून चालणार नाही. दहा दिवस मी ठकीच्या उशाशी बसून तिचा राग कुरवाळत राहिले. ती म्हणायची, "नुसतं विचारायला काय झालं होतं त्यांना?" मी म्हणायचे, "जाऊ दे गं." 'जाऊ दे' म्हटलं की राग जात नाही, मुरतो. हे मला चांगलं ठाऊक होतं.

निघायच्या दिवशी जावईबापू गाडी काढायला खाली गेले होते. तुम्ही माझी पर्स मला दिलीत आणि हळूच म्हणालात, "परतीचं तिकीट मी बदललं नाही. सासरच्याच आडनावाचं आहे. पासपोर्ट आहे ना तुमच्याजवळ, तोच दाखवा."

मी म्हटलं, "तुम्हाला कसं..."

"आल्या दिवशी तुम्हीच म्हणालात, पर्समधून बाळाची टोपी काढा. टोपी शोधताना आतला कप्पा उघडला, तेव्हा दिसला."

"मग बोलला का नाहीत?"

तुम्ही पर्सची चेन लावलीत. म्हणालात, "बाळंतिणीला दोन्ही आयांचा राग एकदम आला तर दूध आटेल तिचं. एकीचा पुरे."

तेवढ्यात जावईबापूंनी हॉर्न वाजवला आणि मी जिना उतरले. तुमच्या पायाला हात लावायला हवा होता. तेवढंही सुचलं नाही. गाडीत बसल्यावर मला काय वाटलं, ऐका. लाज नंतर वाटली. आधी पुन्हा हेवाच वाटला! म्हटलं, यातसुद्धा ही माझ्याहून चांगलीच निघाली. माझ्या पोरीसाठी दहा दिवस तिचे टोमणे गिळत राहिली, आणि मी जन्म देऊन काय केलं?

परतताना दारावर पासपोर्ट दाखवला. बाईने फोटो पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाली, "हसताय की फोटोत!" मला रडू फुटलं. तिने घाबरून लगेच आत सोडलं.

आज सकाळी, स्टुडिओ उघडायच्या आधी, ठकीला फोन केला. आधी तुम्हाला लिहिणार होते, पण मग वाटलं की पत्र तुमच्या हातात पडलं तर तुम्ही ते घडी घालून ठेवून द्याल आणि तिला कळूच देणार नाही. म्हणून तिलाच सांगितलं. रांग, लायसन्स, आतला कप्पा, सगळं. पाठ चोळण्याचंही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "मी ऑपरेशन टेबलावर तुझं नाव घेत होते गं." आणि मग म्हणाली, "फोन ठेव."

मी ठेवला. तेव्हापासून वाजलेला नाही. वाजेल असं मी धरूनही चाललेले नाही.

तुम्ही तिच्यापुढे माझी बाजू घेऊ नका. तुम्ही घ्याल, तुमचा स्वभावच तसा आहे, म्हणून आधीच सांगते. तिला रागावू द्या. दूध आटायची भीती आहे हे खरं, पण त्यावर काय करायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

ती तुमच्याजवळ येईल. काय काय बोलले मी त्यांना, आता कसं तोंड दाखवू, म्हणून दाराशी घुटमळेल. लहानपणापासून तिची ही खोड आहे. चूक कळली की चौकटीला टेकून उभी राहते आणि नखाने रंग खरवडते. तुम्हाला हे माहीत नसेल, म्हणून कळवते. त्या वेळी तिला काही विचारायचं नाही. नुसतं हाताला धरून आत ओढायचं आणि जवळ घ्यायचं. मग ती रडते आणि मोकळी होते.

हे लिहिताना माझ्या पोटात अजूनही दुखतंय. पण घ्या तिला जवळ.

तुमच्या लेकीची,
आई