काढ्याचे वाटे

१४ जून १९९७
चौथ्या बाटलीने जंतू मेले. मेले म्हणजे पार मेले! पेठकडची भागुबाई तापावर जो पाला देते, त्याचे सहा अर्क काढले होते, त्यातल्या चौथ्याने काचेच्या तबकडीतला मलेरिया साफ. सर टाळ्या वाजवत प्रयोगशाळाभर फिरले. "संध्याबाई, पेढे!" मी हो म्हटलं आणि नळ्या धुवायला घेतल्या.

आनंद व्हायला हवा होता. याच तापाने धनराज गेला – गेल्या दिवाळीनंतर, रक्त तपासून यायच्या आत. पाला खरा ठरला तर निदान – निदान काय, ते सुचत नाही.

२१ जून
पेठच्या पुढे, भागुबाईच्या पाड्यावर सभा. पाला इथे तीच देते. तोडायच्या आदल्या सांजेला झाडापुढे तांदूळ ठेवून त्याला बोलावणं करते, झाडाचं नाव कुणाला सांगत नाही. सरांच्या वहीत ते झाड म्हणजे नंबर सतरा.

सरांनी आडपडदा ठेवला नाही. अर्ध्या घरांना काढा, अर्ध्यांना नुसतं कडू पाणी. पावसाळाभर घरचा काढा बंद. ताप कुणाला येतो ते पाहायचं, मग आतला नेमका घटक शोधायचा. लोकांनी माना डोलावल्या. लाल बूच काढा, निळं बूच मेथीचं पाणी – हे ठाऊक फक्त मला. चिठ्ठ्या मीच उचलल्या. भागुबाईच्या घराला निळं आलं. तिचाच पाला आणि तिलाच पाणी! वाईट वाटलं असं लिहिणार होते. वाटलं नाही.

निघताना तिने विचारलं, "मालक काय करतो?"
"सातपूरला असतात, कारखान्यात. रात्रपाळी असते." तोंडातून निघून गेलं.

५ जुलै
आता धनराज जिवंत असल्याचं खोटं निभवायला हवं. पाडा यायच्या आधी जीपच्या आरशात बघून टिकली लावते, परतताना काढते. नौशाद गाडी चालवतो, आरशात सगळं दिसतं त्याला. बोलत नाही. भला माणूस.

१९ जुलै
बाटल्या पोचवल्या. घरी पिठलं.

१६ ऑगस्ट
लाल बुचाच्या घरात ताप. निळ्याच्या घरातही ताप. गोळ्या दिल्या, रक्त घेतलं. सासूबाई म्हणतात, तू दगड झालीस. असेन.

४ ऑक्टोबर
सरांनी आकडे मांडले. "फरक शून्य. लालला जेवढा ताप, तेवढाच निळ्याला. पाल्यात दम नाही." दिवाळी सरेपर्यंत बाटल्या कबूल केल्यात, तेवढ्या द्यायच्या आणि गाशा गुंडाळायचा.

म्हणजे काहीच नाही. तबकडीत मेले ते मेले, माणसात नाही. बरं.

११ ऑक्टोबर
रक्ताच्या काचा पाड्यावरच विसरले, म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत गेलो. भागुबाईच्या अंगणात सगळ्या बाया. मधे मोठं पातेलं. एकेक जण आपली बाटली त्यात रिकामी करत होती! लाल-निळ्या बुचांचा ढीग पडलेला. भागुबाई डवल्याने सगळ्यांना सारखं वाटत होती.

"हे काय, भागुबाई?"

"सायेब म्हनला, अर्ध्यांना औषीद, अर्ध्यांना पानी. मंग शेजारनीच्या पोरीला ताप येतो का, ते आमी बघत बसायचं? मासळी वाटतो तसं वाटलं. पयल्या दिसापासून."

लपवलंही नाही. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मग तिने आतून दोन बाटल्या आणल्या. "दर टायमाला काढून ठेवते. तू कवा थांबतच नाय. एक तुझा वाटा, एक तुझ्या मालकाचा."

घेतल्या. काय करणार? घरी फळीवर ठेवल्यात, मिठाच्या बरणीशेजारी.

१३ ऑक्टोबर
सरांना सांगितलं. कपाळाला हात लावून बसले. "सगळ्यांना निम्मी मात्रा! पावसाळा पाण्यात गेला." मग उठले. "पाला अजून हरलेला नाही. पुढच्या वर्षी दोन वेगळे पाडे घेऊ. एकाला काढा, एकाला पाणी."

"कोणत्या पाड्याला पाणी?"

"चिठ्ठी टाकू. तुम्हीच उचला."

"मी उचलणार नाही."

माझाच आवाज एवढा चढलेला ऐकून दचकले. वर्षभरात पहिल्यांदा राग आला. बरं वाटलं.

८ नोव्हेंबर
शेवटच्या बाटल्या. टिकली लावली नाही. भागुबाईला सगळं सांगून टाकलं – मालक नाही, गेल्या वर्षी गेले, याच तापाने.

"ठावं हाय," ती म्हणाली. "नौशादनी कवाच सांगितलं. म्हून तर दोन. आमच्यात मेल्याचा वाटा वरीसभर काढतात."

धनराजचा वाटा तिने माझ्या ओंजळीत ओतला. फार कडू होता. तिच्या अंगणातच रडले, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन.