बासष्ट घरांचं उत्तर

९ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ ठणठणीत आहे. तुझ्या खोलीत मी अजून कुणाला झोपू देत नाही. परवा पाहुण्यांची सोय सोफ्यावर केली, तर आई म्हणाली, "वेडाच आहेस." मग स्वतःच जाऊन तुझी चादर बदलून आली.

तुझ्याशिवाय करमत नाही गं. भांडायला माणूसच नाही.

आता मुद्द्याचं. कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टर असून तू उघड सांगितलंस, की कारखान्याच्या पाण्याने पोरं आजारी पडतात. मग आमच्या पेपरने आपल्या कामगार वसाहतीत जनमत चाचणी घेतली. 'शंभरातले शहात्तर डॉक्टरबाईंच्या विरोधात' हा मथळा वाचून तू आठवड्यात गाव सोडलंस. आकडा मी काढला होता, हे तुला ठाऊक आहे. कसा काढला, ते ठाऊक नाही.

घरं शंभर. मी दारात उभा, आणि शेजारपाजारची दारं उघडी. बासष्ट घरांनी 'सांगता येत नाही' म्हटलं. असे कागद आमच्याकडे बाजूला ठेवतात आणि उरलेल्यांवरच टक्केवारी काढतात. उरले अडतीस, त्यांतले एकोणतीस तुझ्या विरोधात. संपादक खूश झाले. मी मूग गिळून बसलो.

गेल्या आठवड्यात त्या बासष्ट घरांत पुन्हा गेलो, कागद न घेता. चाळीस नंबरवाल्या बाई कुजबुजल्या, "आम्हाला पटलं होतं हो बाईंचं. पण शेजारी सगळे विरोधात, उगाच वाईटपणा कोण घेणार?" त्यांच्या शेजारणीनेही हेच सांगितलं, फक्त बोट चाळीस नंबरकडे दाखवून! मला हसू आलं आणि रडूही. जो तो स्वतःला एकटा समजत होता, आणि आमच्या मथळ्याने ते पक्कं केलं.

हे सगळं माझ्या नावासकट छापायला दिलंय. संपादक म्हणतात, बघू. नाही छापलं तर दवाखान्याच्या दारावर चिकटवीन.

एक सांगायचं टाळत होतो. त्या बासष्टांत आपलंही घर आहे. आई आतून ओरडली होती, "लिही, माझी पोर खोटं बोलत नाही!" मी ते नीट ऐकलं. आणि पेपरातली नोकरी जाईल या भीतीने माझ्याच हाताने 'सांगता येत नाही'वर खूण केली.

माफी मागायला तोंड नाही. पण आता सगळ्यांच्या देखतही सांगेन, ताई, तू खरं बोललीस. घरी ये.

उशिरा तुझ्या बाजूने उभा राहिलेला,
तुझा धाकटा