आधी ‘जिवंत आहे’ म्हणायचं

आप्पा, आधी सगळं ऐकून घ्या, मग काय रागवायचं ते रागवा. परवा चाकणला आग लागली आणि मी लाइव्ह गेले. तुमच्या वेळी फोनला बटणं होती, म्हणून सांगते. आता फोन समोर धरला की आपल्याला दिसतं ते त्याच क्षणी हजारो लोकांना घरबसल्या दिसतं. नोकरी माझी अजून चाकणच्या एका वर्कशॉपच्या ऑफिसातच आहे, पण माझं स्वतःचं एक पेजही आहे. चौकातलं ट्रॅफिक, खड्डे, न आलेलं पाणी, असलं सगळं मी त्यावर टाकते, आणि लोक रस्त्यात थांबवून विचारतात, “ताई, तुम्ही त्याच ना?” हसू नका. तुमची लेक फेमस आहे, बरं का!

आग आमच्या शेजारच्या कंपनीत, पॅकिंगच्या शेडला लागली. मी जेवत होते. काळा धूर दिसला आणि डबा तसाच उघडा टाकून पळाले. खोटं कशाला बोलू, भीती वाटलीच नाही, अंगात नुसतं वारं शिरलं होतं. बघणाऱ्यांचा आकडा वर चढत होता आणि माझं काळीज त्याच्याबरोबर उड्या मारत होतं. शेजारी दुसरा एक पेजवाला होता, तो एका भाजलेल्या माणसाच्या तोंडाशी फोन नेत होता. मी ओरडले, “अरे, त्याच्या घरचे बघत असतील ना!” तर म्हणतो, “म्हणूनच तर, ताई. त्यांना कळायला नको?” तेव्हा मला तुम्ही आठवलात, तुमच्या त्या चौकड्याच्या शर्टासकट.

तुमच्या कंपनीत कुणाला लागलं की घरी कळवायला तुम्हालाच पाठवायचे. तुम्ही आधी कंपनीचा निळा शर्ट उतरवून लॉकरमधला तो चौकड्याचा घालायचात. मी कणीक मळतेय, तुम्ही ओट्याला टेकून चहा पिताय, आणि मी विचारते की शर्ट कशाला बदलायचा? “अवेळी दारात कंपनीचा शर्ट दिसला की बाई तिथंच खाली बसते. तिला आधी माणूस दिसू दे, कंपनी मागनं.” आणि जिवंत असेल तर उंबऱ्याबाहेरूनच म्हणायचं, जिवंत आहे. कुठं लागलं, कसं लागलं, ते सगळं नंतर. “आणि नसला तर?” तुम्ही कप खाली ठेवलात. “मग काहीच बोलायचं नाही. आत जाऊन बसायचं. ती ओळखते.” एवढं बोलून तुम्ही मला कणीक सैल झाली म्हणून रागावलात.

म्हणून मी ठरवलं, जखमी कुणी दाखवायचा नाही, धडधाकट बाहेर आलेलेच दाखवायचे. आणि काय सांगू आप्पा, काय मजा आली! एकेक जण फोनसमोर येऊन हात हलवतोय. लातूरकडचा एक जण काजळलेल्या तोंडानं म्हणतो, “मम्मे, मी बाहेर हाय गं, रडू नकोस.” खाली त्याच्या गावाकडच्यांचे मेसेज, बदामांचा नुसता पाऊस! मला वाटलं, बघा, तुमचीच रीत मी केवढी मोठी केली. तुम्ही एका दारात सांगायचात, मी एका झटक्यात सगळ्या दारांत सांगितलं.

मग गेटातून माणसं बाहेर यायची थांबली. खाली एका बाईनं लिहिलं, “ताई, आमचे हे दिसले नाहीत.” परत लिहिलं, “ताई, ह्यांना बघा ना.” आणि तिच्या मेसेजखाली लोकांनी हात जोडायला सुरुवात केली. भावपूर्ण श्रद्धांजली! कुणी पाहिलं नाही, कुणी सांगितलं नाही, आणि ह्यांनी माणूस मारूनसुद्धा टाकला. मला इतका संताप आला! आणि दुसऱ्या क्षणी लक्षात आलं. त्यांना हे सुचवलं कुणी? मीच. जिवंत तेवढे मी दाखवत होते आणि तिच्या माणसाबद्दल मी काहीच बोलत नव्हते. काहीच न बोलणं म्हणजे काय, हे माझ्या घरात माझ्या बापानं मला शिकवलं होतं.

मी लाइव्ह बंद केलं. तो पेजवाला कपाळावर हात मारून म्हणाला, “वेडी का तू? आत्ता तर खरं सुरू झालंय!” मी गेटवर ठेकेदाराच्या सुपरवायझरला धरलं आणि त्या बाईचं आडनाव सांगून तिच्या नवऱ्याचं विचारलं. तो म्हणाला, “तो व्हय? मागच्या गेटानं गेला की. एकाला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलंय त्यानं. त्याचाही हात भाजलाय, पण स्वतःच्या पायानं टेम्पोत चढला.” नुसत्या त्याच्या शब्दावर जायचं नव्हतं. टेम्पोवाल्याला फोन लावून तिच्या नवऱ्याचा आवाज स्वतःच्या कानानं ऐकला. त्यानं बायकोचा नंबर दिला, पण तिचा फोन कुणी उचलेना. खोली जवळच्याच चाळीत, एवढं त्यानं सांगितलं. गळ्यातलं कार्ड आणि माझ्या पेजचं नाव असलेला माईक गाडीच्या डिकीत टाकला आणि निघाले.

गल्लीच्या तोंडाशी गाडी कशीबशी लावली. तिच्या दारात बायकांची ही गर्दी! मी तिथूनच बोंबलत पळत सुटले, “जिवंत आहेत! अहो, जिवंत आहेत!” एक बाई गर्दीतून पुढं आली, माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवलं. “मग दाखवलं का नाही? सगळ्यांचे दाखवले, माझाच का नाही?” मग ती माझ्याच गळ्यात पडून रडली, मीही रडले, आणि रडता रडता दोघी हसायला लागलो. आप्पा, इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

एक राहिलंच. गाडी लावली तेव्हा सवयीनं माझं बोट फोनच्या रेकॉर्डिंगवर पडलं होतं. तिचा चेहरा मिळावा म्हणूनच, दुसरं काय. पळताना फोन हातात उलटा झाला, त्यामुळे त्यात माझी चप्पल, गल्लीतली फरशी आणि माझा आवाज एवढंच आहे. ते मी पेजवर टाकलेलं नाही, पण पुसलेलंही नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी तुमच्या कंपनीतला माणूस साध्या शर्टात आला आणि काही न बोलता आत येऊन बसला. आईनं ओळखलं. म्हणून मी दार लावून माझा तो ‘जिवंत आहेत!’ म्हणणारा आवाज पुन्हा पुन्हा ऐकते.